विश्लेषण : हातात प्राध्यापकाची नोकरी, घरी संसार, पदरी कर्ज… तरीही डॉ. आंबेडकर १९२० मध्ये पुन्हा विद्यार्थी का झाले?

शिक्षण अर्धवट राहिले, वय वाढले, घरची जबाबदारी अंगावर आली. आता नोकरी सांभाळायची की पुन्हा वर्गात जाऊन बसायचे? आजही हजारो घरांत हा प्रश्न पडतो. शंभर वर्षांपूर्वी तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपुढेही उभा राहिला होता. त्यांच्या पदव्यांची यादी अनेकांना पाठ असते. पण त्यातील लंडनच्या पदव्या एका सलग प्रवासात मिळालेल्या नाहीत. मध्ये तीन वर्षांचा खंड होता आणि त्याचे कारण होते पैसा.

शिक्षण कशामुळे थांबले?

१९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी आंबेडकरांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा करार होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. केले. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी, तर ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी त्यांनी नाव घातले. शिष्यवृत्तीला मिळालेली वाढीव मुदत जून १९१७ मध्ये संपली आणि दोन्ही अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तके पहिल्या महायुद्धातील पाणबुडीहल्ल्यात समुद्रात गेली.

मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक काम पक्के केले होते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेतली. दार बंद झाले नव्हते, पण उघडे राहण्याला मुदत होती.

मायदेशी काय वाट्याला आले?

करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. कचेरीत अस्पृश्यतेची वागणूक मिळाली. शहरात राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते, तेथून त्यांना धमकावून बाहेर काढण्यात आले. नोकरी सोडून ते मुंबईला आले. शिकवण्या केल्या, हिशेबाची कामे केली. गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक येईनासे झाले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार होता महिना ४५० रुपये. त्या काळात ही चांगली रक्कम होती. विद्यार्थ्यांना त्यांचे शिकवणे आवडत होते. मात्र प्राध्यापकांच्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता.

निर्णय अवघड का होता?

१९२० मध्ये आंबेडकर २९ वर्षांचे झाले. वडील रामजी १९१३ मध्येच वारले होते. परळच्या चाळीत दोन खोल्यांत कुटुंब राहत होते. मुलगा यशवंत सात वर्षांचा होता. त्याच वर्षी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू झाले आणि मार्चमध्ये कोल्हापूरजवळच्या माणगाव परिषदेत छत्रपती शाहू महाराजांनी त्यांच्या नेतृत्वावर जाहीर विश्वास दाखवला. म्हणजे पगार सुरू होता, सार्वजनिक कामाला नुकती सुरुवात झाली होती आणि थांबण्याची कारणे भरपूर होती.

दुसऱ्या बाजूला लंडनची मुदत ऑक्टोबर १९२१ मध्ये संपणार होती. बडोद्यातील आणि सल्ला व्यवसायातील अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट केली होती. जातीमुळे दुसऱ्याच्या मर्जीवरची नोकरी किंवा धंदा कधीही मोडू शकत होता. बॅरिस्टरी हा स्वतंत्र व्यवसाय होता आणि अर्थशास्त्रातील अधिकार कोणी काढून घेऊ शकणार नव्हते. मार्च १९२० मध्ये त्यांनी सिडनहॅमची नोकरी सोडली.

पैशांची जुळवाजुळव कशी झाली?

एका ठिकाणाहून नाही. पगारातील ठरावीक रक्कम घरी देऊन उरलेली ते साठवत होते. परळच्या चाळीतली काटकसर त्यासाठीच होती. कोलंबियातील मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. शाहू महाराजांनीही मदत केली. सप्टेंबर १९२० मध्ये आंबेडकर पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले.

पण हिशेब लवकरच बिघडला. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांहून अधिक मिळत होते. पुढच्या वर्षी हा दर दीड शिलिंगाच्याही खाली गेला. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे ५०० पौंड होतात. एक शिलिंग चार पेन्सच्या दराने जेमतेम ३३३. रुपयांत जमवलेला पैसा पौंडांत असा वितळत होता. शाहू महाराजांकडे पुन्हा मदत मागावी लागली आणि ६ मे १९२२ रोजी महाराजांचेच निधन झाले. योगायोग असा, की आंबेडकरांच्या डी.एस्सी. प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता.

लंडनमधील दिवस कसे होते?

सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच ते आत जात आणि बंद होईपर्यंत बसत. दुपारचे जेवण बहुधा टाळलेले असे. खाणावळीचे जेवण तुटपुंजे होते. रात्री उशिरापर्यंत वाचताना भूक लागली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे, असा क्रम होता. किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतले. आता तेथे त्यांचे स्मारक आहे.

जून १९२१ मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, एम.एस्सी. झाली. पुढे बॅरिस्टरीही पूर्ण झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर केलेला डी.एस्सी.चा प्रबंध मात्र परीक्षकांनी पुन्हा लिहायला सांगितला. तोवर पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, येथूनच सुधारित प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षअखेरीस डी.एस्सी. मिळाली. वकिलीची सनद काढण्यासाठीही भथेना यांच्याकडूनच पैसे घ्यावे लागले. कोलंबियाची पीएच.डी. तर छापील ग्रंथाच्या प्रती सादर केल्यानंतर, १९२७ मध्ये पदरात पडली.

किंमत कोणी मोजली?

एकट्या आंबेडकरांनी नाही. ते लंडनमध्ये असताना परळचा संसार तुटपुंज्या पैशांत रमाबाईंनी चालवला. त्यांच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत जगले. धाकटा राजरत्न १९२६ मध्ये गेला. स्वतः रमाबाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. या पदव्यांच्या हिशेबात त्यांचा वाटा धरल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

यातून काय कळते?

आंबेडकरांच्या जिद्दीबद्दल नेहमी लिहिले जाते. त्यांच्या नियोजनाबद्दल कमी. शिक्षण थांबवताना त्यांनी परतीचा हक्क लेखी मिळवला. मधल्या काळात नोकरी केली, पण बचतीचे उद्दिष्ट सोडले नाही. बचत, कर्ज आणि मदत असे तीन आधार जोडले, त्यामुळे एक तुटल्यावर सगळे कोसळले नाही. आणि पैसे संपले तेव्हा परत येऊन उरलेले काम घरून पुरे केले. शिक्षण सोडणे आणि शिक्षण थांबवणे यांत त्यांनी फरक केला.

पुढे १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरत. कमाई आणि शिक्षण यांतले एक निवडण्याची वेळ त्यांच्यावर आली होती. ती पुढच्यांवर येऊ नये, याची ही सोय होती.