कचेरीतला माणूस : चिंतामणराव देशमुख

यंदाच्या स्मरणिकेसाठी मी चिंतामणराव देशमुखांवर लिहिणार असे सांगितले, तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी जरा हिरमुसल्या. संत झाले, वीरांगना झाल्या. आता फायलींत आयुष्य घालवलेला हा साहेब कशाला, असा त्यांचा सूर होता. माझे वडील कचेरीत अव्वल कारकून होते. कागदाच्या एका बाडात कुणाची पेन्शन, कुणाची जमीन अडकलेली असते, हे मी घरीच शिकले. म्हणून माझा हा हट्ट.

महाड तालुक्यातले नाते हे रायगडाच्या वाटेवरचे गाव. तेथे 14 जानेवारी 1896 रोजी चिंतामणरावांचा जन्म झाला. शाळा रोह्याला. 1912 साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. मग केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले आणि 1918 च्या आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले.

येथे त्यांच्या आयुष्यातला पेच सुरू होतो. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनला होते. ही नोकरी सोडून देशकार्यात पडावे का, असे या तरुणाने त्यांना विचारले. लोकमान्यांनी नोकरी सोडू नका असा सल्ला दिला. स्वराज्य आले की कारभार जाणणारी माणसे लागतील, तो अनुभव आताच घेऊन ठेवावा, हा त्यांचा विचार. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांनीच हे सांगावे, याचे मला फार नवल वाटते.

मग मध्यप्रांत-वऱ्हाडात वीसएक वर्षे नोकरी झाली. 1939 साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि 1943 मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांना सर ही पदवी दिली. बेचाळीसच्या चळवळीत लोक तुरुंगात जात असताना हे मात्र सरकारी खुर्चीवर, हा आक्षेप तेव्हाही अनेकांच्या मनात असणार, आणि तो मला खोटा म्हणवत नाही. पण फाळणी झाली, तेव्हा नव्या पाकिस्तानचीही मध्यवर्ती बँक म्हणून जून 1948 अखेरपर्यंत काम पाहिले ते याच बँकेने. बाहेर घरे जळत असताना दोन देशांचे चलन सांभाळायचे होते. अशा वेळी घोषणा उपयोगी पडत नाहीत. हिशेब जाणणारा माणूसच लागतो. 1 जानेवारी 1949 पासून बँक राष्ट्राची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

1950 साली ते देशाचे अर्थमंत्री झाले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती 1955 साली, आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला तो 1956 साली. दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीत.

पहिली पत्नी रोझिना 1949 मध्ये वारली होती. जानेवारी 1953 मध्ये त्यांनी दुर्गाबाईंशी विवाह केला. लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारलेल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या, मद्रासला आंध्र महिला सभा उभारलेल्या या बाई. इंग्रजांनी सर केलेला गृहस्थ आणि इंग्रजांनी कोंडलेली स्त्री, असा हा संसार! त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले. दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि स्त्रियांच्या व मुलांच्या संस्थांना अनुदानाची वाट मोकळी झाली. अनुदानाचा अर्ज भरताना ज्यांची बोटे शाईने माखली आहेत, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि मग 1956. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे ठरले. मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता हे ठरले, आणि मुंबईत गोळीबार होऊन माणसे गेली तरी चौकशी नाही, अशा त्यांच्या दोन तक्रारी होत्या. जन्मभर वरिष्ठांचा हुकूम पाळलेल्या या माणसाने राजीनामा दिला, आणि जुलैत अर्थमंत्रिपद सोडून ते बाहेर पडले. मोर्चा नाही, आरडाओरड नाही. लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली, एवढेच. पंडित नेहरूंना त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. दुर्गाबाईंशी झालेल्या त्यांच्या विवाहाला हेच पंडितजी साक्षीदार होते. तो दिवस दोघांनाही जड गेला असेल.

ते रिकामे बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी सांभाळले. 1959 साली मनिलाहून मॅगसेसे पारितोषिक मिळाले. आदल्या वर्षी ते विनोबांना सामुदायिक नेतृत्वाबद्दल मिळाले होते. चिंतामणरावांना मिळाले ते सरकारी सेवेबद्दल. भूदानासाठी पायी फिरणाऱ्याच्या पंक्तीला कचेरीत बसणाऱ्यालाही पान मांडले गेले, याचा मला कारकुनाची लेक म्हणून फार आनंद आहे. 1969 साली राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मात्र ते हरले.

संस्कृत कधी सुटले नाही. मेघदूत त्यांनी मराठीत आणले. 1975 साली पतिपत्नी दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. शेवटची वर्षे दोघे हैदराबादला राहत. 1981 च्या मे महिन्यात दुर्गाबाई गेल्या. चिंतामणराव त्यानंतर दीड वर्षही राहिले नाहीत. 2 ऑक्टोबर 1982 रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, ते वारले.