विल्यम हार्वी

विल्यम हार्वी (१ एप्रिल, १५७८ – ३ जून, १६५७) हे इंग्लिश वैद्य व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. हृदय पंपाप्रमाणे रक्त ढकलते व तेच रक्त शरीरभर फिरून पुन्हा हृदयात परत येते, हे त्यांनी प्रयोग आणि गणित यांच्या आधारे सिद्ध केले.

जीवन

हार्वी यांचा जन्म इंग्लंडमधील केंट परगण्यातील फोकस्टन येथे झाला. त्यांचे वडील थॉमस हार्वी व्यापारी होते. केंब्रिज येथून १५९७ मध्ये पदवी घेतल्यावर विल्यम इटलीतील पादुआ विद्यापीठात गेले. तेथे शारीरविज्ञ फाब्रिसियस त्यांचे गुरू होते. १६०२ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवून ते लंडनला परतले. १६०९ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात त्यांची वैद्य म्हणून नेमणूक झाली. पुढे ते राजा पहिला जेम्स व त्यानंतर पहिला चार्ल्स यांचे वैद्य झाले.

रक्ताभिसरणाचा शोध

त्या काळी सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या गेलेन या ग्रीक वैद्याचे मत प्रमाण मानले जाई. अन्नापासून यकृतात रक्त तयार होते व अवयव ते वापरून संपवतात, असे त्याचे प्रतिपादन होते. हार्वी यांनी हे मत आकड्यांच्या कसोटीवर तपासले. हृदयाच्या एका ठोक्यास केवळ अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे मानले, तरी अर्ध्या तासातील हजार ठोक्यांत ते ५०० औंस भरते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण सुमारे ५ लिटर रक्त असते. ५०० औंस म्हणजे त्याच्या दुपटीहून अधिक. इतके रक्त अन्नापासून सतत तयार होणे अशक्य असल्याने तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

दंडावर पट्टी बांधूनही त्यांनी याचा पडताळा घेतला. घट्ट पट्टीने रोहिण्यांतील (धमन्यांतील) प्रवाह थांबून हात थंड पडे. पट्टी किंचित सैल केल्यास रोहिण्यांतून रक्त येत राही. परंतु वरवरच्या नीलांतून (शिरांतून) ते परत जाऊ न शकल्याने त्या फुगत. नीलांमधील झडपांचे वर्णन फाब्रिसियस यांनी पूर्वीच केले होते. त्या झडपा रक्ताला केवळ हृदयाच्या दिशेने जाऊ देतात, हे हार्वी यांनी दाखवले.

ग्रंथ व विरोध

हे संशोधन 'दे मोतू कॉर्दिस' या लॅटिन ग्रंथाद्वारे १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झाले. गेलेनच्या अनुयायांनी त्याला तीव्र विरोध केला. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर हार्वी यांच्याकडे येणारे रुग्ण कमी झाले, असे त्यांचे समकालीन चरित्रलेखक जॉन ऑब्री यांनी नोंदवले आहे. पॅरिसचे शारीरविज्ञ झां रिओलां यांच्या आक्षेपांना हार्वी यांनी १६४९ मध्ये उत्तर दिले.

त्यांच्या सिद्धांतात एक दुवा मात्र अपुरा होता. रोहिण्यांतील रक्त नीलांत कोणत्या मार्गाने जाते, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हते. असा मार्ग असलाच पाहिजे, हे त्यांनी केवळ अनुमानाने मांडले.

उत्तरायुष्य

यादवी युद्धात हार्वी राजाच्या पक्षात राहिले. १६४२ मध्ये लंडनमधील त्यांचे निवासस्थान लुटले गेले व अनेक वर्षांची संशोधन टिपणे नष्ट झाली. १६५१ मध्ये प्राण्यांच्या प्रजननावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १६५७ मध्ये त्यांचे निधन झाले. एसेक्स परगण्यातील हेम्पस्टेड येथे त्यांचे दफन करण्यात आले.

चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो मालपीगी यांना सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या दिसल्या आणि हार्वी यांच्या सिद्धांतातील तो दुवा जुळला.