समजून घ्या : सेनानी होण्याआधी स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या शाळेत काय करत होते?

बीड : १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत झेंडावंदन होतं आणि भाषणांतून स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव घेतलं जातं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी ही त्यांची ओळख सर्वांना आहे. पण लढ्यात उतरण्याआधी जवळपास नऊ वर्षं ते शिक्षक होते आणि त्यातली शेवटची तीन वर्षं बीड जिल्ह्यात गेली, हे अनेकांना माहीत नसतं. त्यांची लढाई शाळेच्या वर्गातूनच सुरू झाली होती.

सुरुवात कुठे झाली?

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी गावचा. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचं निधन झालं, तेव्हा ते सोलापुरात शिकत होते. लग्न न करता आयुष्य देशासाठी द्यायचं, हा निश्चय त्यांनी त्याच वेळी केला. असहकार चळवळीत सरकारी शाळा सोडली. पुढचं शिक्षण राष्ट्रीय शाळा, अमळनेर आणि पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ असं झालं. काही काळ त्यांनी कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम केलं.

१९२९ मध्ये ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या हिप्परगा इथल्या राष्ट्रीय शाळेत आले. संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, तेही याच काळात. संन्यास घेतला, पण खडू-फळा सोडला नाही.

निजामाच्या राज्यात अडचण काय होती?

तेव्हा देशातली काही संस्थानं शिक्षणात ब्रिटिश सरकारच्याही पुढे होती. सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये तेच पाऊल उचललं.

मराठवाडा मात्र हैदराबाद संस्थानात होता. निजाम सरकारने शिक्षणासाठी काहीच केलं नाही, असं नाही. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा मोठा प्रयोग झाला. पण ती भाषा उर्दू होती आणि ती राज्यातल्या थोड्याच लोकांची मातृभाषा होती. बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारे होते. कचेरीचा कारभार आणि वरचं शिक्षण उर्दूत चालायचं.

खेड्यातल्या मराठी मुलासाठी याचा अर्थ सोपा होता. घरची भाषा एक, पुढच्या वर्गाची दुसरी. मातृभाषेतून शिकवायचं तर लोकांनी वर्गणी काढून स्वतःची शाळा चालवायची, आणि अशी खासगी शाळा काढायलाही सरकारची परवानगी लागायची. म्हणूनच मराठवाड्यात मराठी शाळा चालवणं हे केवळ शिक्षणाचं काम राहिलं नव्हतं.

अंबाजोगाईत काय घडलं?

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. हिप्परग्याचे त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही इथे होते. सरकारदरबारी तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद होतं. मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी याच गावात आहे. त्याच गावात मराठी शाळेसाठी लोकांना स्वतः उभं राहावं लागत होतं.

या शाळेत अभ्यासासोबत देशात काय चाललं आहे याचं भानही मुलांना मिळत होतं. पुढे मुक्तिसंग्रामात उतरलेल्या अनेक कार्यकर्त्यांची जडणघडण हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या या शाळांत झाली.

मग शाळा का सोडली?

१९३७ मध्ये परतूर इथे महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं आणि स्वामीजी सार्वजनिक कामात ओढले गेले. सभा घ्यायला परवानगी, शाळा काढायला परवानगी, अशा राज्यात चांगली शाळा चालवूनही प्रश्न सुटणार नाही, हे स्पष्ट होत गेलं. १९३८ मध्ये त्यांनी शिक्षकी सोडली. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियाचे विद्यार्थी काढले गेले आणि त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचं राज्य संपलं.

स्वातंत्र्यानंतर पुन्हा शाळेकडेच

स्वामीजी दोनदा लोकसभेत गेले, १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादमधून. हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी व्हावी, यासाठी ते आग्रही होते. १९५६ मध्ये ती झाली. पण सत्तेच्या खुर्चीपेक्षा त्यांचा ओढा संस्था उभारण्याकडे होता. १९५० मध्ये नांदेडला सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजमागे तेच होते. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचं निधन झालं. आज नांदेडचं विद्यापीठ आणि अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

बीडसाठी आज याचा अर्थ काय?

१ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. शाळा गावात आहे, भाषा आपली आहे, फी नाही. तरीही दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबं निघाली की अनेक मुलं त्यांच्यासोबत फडावर जातात. त्यांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर सुरू झाली नाही, तर मोफत शाळा असूनही मूल वर्गाबाहेरच राहतं.

स्वामीजींच्या काळात वाट भाषेने आणि परवानगीने अडवली होती. आज ती स्थलांतराने अडते. मुलाची वाट नेमकी कशामुळे अडते हे ओळखून तो अडथळा दूर करणं, हे काम तेव्हाही होतं आणि आजही आहे.