ज्यूलियस अ‍ॅग्रिकोला : ब्रिटनचा रोमन सुभेदार

ज्यूलियस अ‍ॅग्रिकोलाचे चरित्र आपल्याला मुख्यतः एकाच ग्रंथातून कळते. तो त्याच्या जावयाने, इतिहासकार टॅसिटसने, इ.स. ९८ च्या सुमारास लिहिला. पुढील हकिकत वाचताना हे नाते विसरू नये.

अ‍ॅग्रिकोलाचा जन्म इ.स. ४० मध्ये दक्षिण गॉलमधील फोरम ज्युली येथे झाला. वडील रोमच्या सिनेटचे सभासद होते. सम्राट कॅलिग्युलाने त्यांना ठार करविले. आईने मुलाला मस्सिलिया (आजचे मार्से) येथे शिकविले. बूडिका राणीचे बंड झाले तेव्हा तो ब्रिटनमध्ये तरुण लष्करी अधिकारी होता. पुढे तेथेच विसाव्या लीजनचा सेनापती आणि इ.स. ७७ च्या सुमारास सुभेदार झाला.

पहिल्याच मोहिमेत त्याने वेल्समधील ऑर्डोव्हिसीस जमातीचा जवळजवळ उच्छेद केला. नंतर उत्तरेकडे सरकत त्याने माँस ग्रॉपिअसच्या लढाईत कॅलेडोनियनांचा पराभव केला. टॅसिटसच्या मते शत्रूचे १०,००० आणि रोमनांचे केवळ ३६० सैनिक पडले. जावयाने दिलेले हे आकडे जपूनच घ्यावेत.

भाषेच्या अभ्यासकाला मात्र रणांगणापेक्षा त्याचा एक हिवाळा अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या काळात अ‍ॅग्रिकोलाने ब्रिटनांना मंदिरे, चौक व घरे बांधण्यास उत्तेजन दिले आणि सरदारपुत्रांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. लॅटिनचा तिटकारा करणारे आता तिच्यातील वक्तृत्वासाठी धडपडू लागले. अंगावर टोगाही आला. विशेष म्हणजे सासऱ्याचे गुणगान करणारा टॅसिटसच या साऱ्याला गुलामगिरीचा भाग ठरवितो. पुढे रोमन सत्ता गेली आणि ब्रिटनमधील लॅटिन बोली लोपली. तरी शाळा, पुस्तक व पूल यांसाठीचे वेल्श शब्द आजही लॅटिन मुळाचे आहेत.

विजयानंतर सम्राट डोमिशियनने त्याला परत बोलाविले. उरलेले आयुष्य त्याने रोममध्ये मौन राखून काढले आणि २३ ऑगस्ट ९३ रोजी तो वारला. विषप्रयोगाची कुजबुज झाली; टॅसिटस ती नोंदवितो, पण खात्री देत नाही. उत्तरेकडील जिंकलेला मुलूख रोमनांनी काही वर्षांतच सोडला. टॅसिटसच्या ग्रंथाबाहेर अ‍ॅग्रिकोलाचे नाव फार थोड्या ठिकाणी आढळते. त्यांपैकी एक म्हणजे चेस्टर येथे सापडलेले, इ.स. ७९ मधील शिशाचे पाण्याचे नळ.