टॉलस्टॉय मास्तर

धडा संपला की प्रश्नांचा भडिमार करायची माझी खोड. नातू माझ्यापुढे पुस्तकच उघडीनासा झाला. अशात टॉलस्टॉय यांचे चरित्र हाती आले.

१८२८ साली जन्मलेल्या या रशियन उमरावाने १८५९ मध्ये यास्नाया पोल्याना या आपल्या गावी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. ‘रॉबिन्सन क्रूसो’ वाचून घेऊन ते मजकूर विचारीत. मुले रडकुंडीला येत. एका हिवाळी रात्री मात्र, गोगोलची चेटकिणीची गोष्ट ऐकून रानातून परतताना फेडका नावाच्या मुलाने आपणहून विचारले, गाणे कशासाठी शिकायचे? बोलणे कितीतरी वेळ रंगले. १८७२ साली त्यांनी मुलांसाठी वाचनमाला लिहिली, तीत इसापच्या गोष्टीही घेतल्या. १९१० साली ते वारले.

परवा सशाकासवाची गोष्ट झाल्यावर मी गप्प बसले. नातवानेच विचारले, झोपलेल्या सशाला कासवाने उठवले का नाही? मला उत्तर सुचेना.