१०० पॉइंट काढणारा विल्ट चेम्बरलेन प्रोफेशनल झाला, तो लोकांना हसवणाऱ्या टीमकडून

विल्ट चेम्बरलेन हे नाव निघालं की एकच आकडा आठवतो, १००. २ मार्च १९६२ ला त्याने एनबीएच्या एका मॅचमध्ये एकट्याने १०० पॉइंट काढले. तो रेकॉर्ड आजही कुणाला मोडता आलेला नाही.

पण भिडू, या गड्याने प्रोफेशनल करिअरची सुरुवात एनबीएत केलीच नव्हती. त्याला पहिला पगार दिला हार्लेम ग्लोबट्रॉटर्सनी. म्हणजे कोर्टवर नकला करत, प्रेक्षकांना हसवत देशोदेशी फिरणाऱ्या टीमने.

झालं असं की, १९३६ साली फिलाडेल्फियात जन्मलेला ७ फूट १ इंचाचा विल्ट कॅन्सस युनिव्हर्सिटीकडून खेळत होता. १९५७ ची फायनल तीन ओव्हरटाइमनंतर एका पॉइंटने गेली. त्यानंतर समोरच्या टीम त्याला तिघातिघांनी घेरायच्या, नाहीतर बॉल आपल्याकडेच दाबून बसायच्या. इतक्या सेकंदांत शॉट मारलाच पाहिजे, असं बंधन तेव्हा कॉलेजच्या मॅचमध्ये नव्हतं. असल्या खेळाला विल्ट वैतागला आणि एक वर्ष बाकी असताना १९५८ मध्ये त्याने कॉलेज सोडलं. का सोडलं, हे सांगणारी स्टोरी 'लुक' या नियतकालिकाला १० हजार डॉलरला विकली. गडी व्यवहाराला पक्का होता.

अडचण होती एनबीएच्या नियमाची. बरोबरची बॅच ग्रॅज्युएट होईपर्यंत खेळाडूला लीगमध्ये घ्यायचं नाही. म्हणजे वर्षभर घरी बसणं आलं. इथे ग्लोबट्रॉटर्सचे मालक एब सेपरस्टीन पुढे आले. सुमारे ५० हजार डॉलरचा करार झाला. एवढी रक्कम तेव्हा एनबीएतल्या बड्या खेळाडूंनाही मिळत नव्हती.

या टीमबद्दल दोन मतं होती, आणि दोन्हींत दम होता. १९४८ मध्ये याच कृष्णवर्णीय खेळाडूंनी मिनियापोलिस लेकर्सना हरवलं होतं, त्यामुळे त्यांच्या खेळावर शंका घ्यायला जागा नव्हती. पण गोऱ्या मालकासाठी कृष्णवर्णीयांनी विदूषकी करायची, हे अनेकांना खटकायचं. पुढे विल्टचा कट्टर प्रतिस्पर्धी झालेल्या बिल रसेललाही सेपरस्टीन यांनी विचारलं होतं. पण पैशांची बोलणी त्यांनी रसेलच्या गोऱ्या कोचशी केली. रसेल ते विसरला नाही आणि गेलाही नाही.

विल्ट मात्र रमला. कॉलेजात त्याला बास्केटखाली उभं करायचे, इथे त्याला गार्डची जागा मिळाली. बॉल घेऊन पळायचं, पास द्यायचे. एका नकलेत मेडोलार्क लेमन जखमी झाल्यासारखा कोर्टवर पडायचा. विल्ट त्याला उठवायला जायचा आणि बाहुलीसारखा हवेत उडवून झेलायचा. लेमनचं वजन होतं ९० किलोच्या पुढे!

१९५९ च्या उन्हाळ्यात टीम थेट मॉस्कोला गेली. शीतयुद्ध पेटलेलं असताना तिथल्या मॅच हाऊसफुल झाल्या, ख्रुश्चेव्ह यांचीही भेट झाली. अमेरिकी सरकारला अशा दौऱ्यांचा फायदाच होता. अमेरिकेत काळ्यांना कसं वागवतात, हे सोव्हिएत प्रचारक जगाला सांगत होते. त्याला उत्तर म्हणून हे हसरे, यशस्वी कृष्णवर्णीय खेळाडू जगापुढे उभे राहायचे. १९५१ मध्ये तर बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये त्यांना बघायला ७५ हजार लोक जमले होते. पण परदेशात देशाचा चेहरा झालेल्या याच खेळाडूंना मायदेशी दक्षिणेतल्या कित्येक हॉटेलांत खोली मिळत नव्हती.

त्याच वर्षी विल्ट फिलाडेल्फिया वॉरियर्सकडे गेला, तेही ३० हजार डॉलरवर. एनबीएत सगळ्यात महाग, तरी ग्लोबट्रॉटर्सपेक्षा कमीच. पहिल्याच सीझनला मॅचमागे ३७.६ पॉइंट काढून त्याने मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअरचा किताब घेतला. पण कोपर आणि धक्के खाऊन इतका कावला की आपण लीग सोडतोय, असं त्याने जाहीर करून टाकलं. नंतर मन वळवलं गेलं. पुढेही उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ग्लोबट्रॉटर्ससोबत दौऱ्यावर जायचा. ते वर्ष आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मजेच्या काळांपैकी एक होतं, असं तो सांगत आला.

१२ ऑक्टोबर १९९९ ला विल्ट गेला. पाच महिन्यांनी, मार्च २००० मध्ये ग्लोबट्रॉटर्सनी त्याची १३ नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. टीमच्या इतिहासात असा मान मिळालेला तो पहिलाच खेळाडू.