जस्टिन फाशानू : दोन्हीकडून परका ठरवलेला फुटबॉलपटू

जस्टिन फाशानू हे नाव आपल्याकडच्या तरुणांना फारसे ठाऊक नसेल. मेस्सी, रोनाल्डो, एम्बाप्पे यांचे गोल ज्यांना तोंडपाठ आहेत, ती आमची पोरेही हे नाव ऐकून गप्प बसतात. व्यावसायिक फुटबॉल खेळत असतानाच आपण समलैंगिक आहोत हे जगाला उघडपणे सांगणारा जस्टिन हा इंग्लंडमधला पहिला पुरुष खेळाडू. तो कृष्णवर्णीय होता, बालपणीच आईवडिलांपासून तुटला होता, आणि १९९८ साली वयाच्या ३७व्या वर्षी त्याने स्वतःचे आयुष्य संपवले.

ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या दलित पँथरचा वारसा आम्ही सांगतो. त्यामुळे कृष्णवर्णीयांची चरित्रे आम्हाला परकी नाहीत. मुहम्मद अली आमच्या वस्त्यांमधल्या भिंतींवर दिसतो. जस्टिन मात्र कुठेच दिसत नाही. तो का दिसत नाही, याचे उत्तर त्याच्याच आयुष्यात सापडते.

१९ फेब्रुवारी १९६१ रोजी लंडनच्या हॅक्नी भागात त्याचा जन्म झाला. वडील नायजेरियातून कायद्याच्या शिक्षणासाठी आलेले, आई ब्रिटिश गयानातून आलेली नर्स. संसार टिकला नाही. आईच्या एकटीच्या पगारात सगळ्या लेकरांचे भागेना, तेव्हा जस्टिन आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन यांची रवानगी बर्नार्डोज या संस्थेच्या बालगृहात झाली. जस्टिन सहा वर्षांचा असताना नॉरफोक परगण्यातल्या श्रोफम या खेड्यात राहणाऱ्या जॅक्सन या गोऱ्या दाम्पत्याने दोघा भावांना सांभाळायला घेतले. आजूबाजूला सगळी गोरी वस्ती, आणि त्यात ही दोन काळी मुले. घरात प्रेम मिळाले, पण घराच्या उंबऱ्याबाहेर आपण वेगळे आहोत हे त्यांना रोज कळत असणार. ते कसे कळते, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

अंगापिंडाने जस्टिन दणकट. शाळकरी वयात तो बॉक्सिंगमध्ये चमकला. शेवटी फुटबॉलने त्याला ओढून घेतले. नॉर्विच सिटी या क्लबने त्याला घडवले आणि जानेवारी १९७९ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध तो पहिला सामना खेळला. योगायोग असा की त्या काळी याच वेस्ट ब्रॉमविचकडून लॉरी कनिंगहॅम, सिरिल रेजिस आणि ब्रेंडन बॅटसन हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र खेळत होते. प्रेक्षकांतून माकडासारखे आवाज काढणे, मैदानात केळी फेकणे हा त्या काळच्या इंग्लिश स्टेडियममधला नेहमीचा प्रकार होता. जस्टिनच्याही वाट्याला ते आले.

९ फेब्रुवारी १९८० चा गोल मात्र शत्रूंनाही विसरता आला नाही. समोर लिव्हरपूल, त्या काळचा इंग्लंडमधला सर्वांत बलाढ्य संघ. पेनल्टी क्षेत्राच्या कडेला जस्टिनची पाठ गोलपोस्टकडे होती. पास आला, त्याने उजव्या पायाने चेंडू अलगद वर उडवला, गर्रकन वळला आणि चेंडू खाली पडायच्या आत डाव्या पायाने असा हाणला की गोलरक्षक रे क्लेमन्स झेपावूनही काही करू शकला नाही. नॉर्विच तो सामना ५-३ असा हरले. पण बीबीसीने हंगामातला सर्वोत्तम गोल म्हणून त्याच गोलाची निवड केली. त्या वेळी जस्टिनला १९ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्यांना फुटबॉल आवडतो त्यांनी हा गोल शोधून जरूर पाहावा. नंतरच्या गोष्टी कळायच्या आधी हा माणूस खेळाडू म्हणून काय होता हे डोळ्यांना दिसायला हवे.

पुढच्या हंगामात त्याने लीगमध्ये १९ गोल केले आणि १९८१ च्या ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला १० लाख पौंडांना विकत घेतले. ब्रिटनमध्ये एवढी किंमत मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. फॉरेस्ट हा काही साधासुधा क्लब नव्हता. १९७९ आणि १९८० असे सलग दोनदा त्यांनी युरोपियन कप जिंकला होता. इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू व्हिव्ह अँडरसन याच संघात होता. म्हणजे रंगाच्या बाबतीत हा क्लब इतरांच्या पुढेच होता, असे म्हणायला हरकत नाही.

मॅनेजर होते ब्रायन क्लफ. इंग्लिश फुटबॉलमधले मोठे नाव, तोंडाने फटकळ आणि राजकारणाने समाजवादी. पुढे १९८४ च्या खाणकामगारांच्या संपात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. आमच्या भाषेत सांगायचे तर पुरोगामी माणूस. जस्टिन रात्री समलैंगिकांच्या बारमध्ये जातो, हे क्लफ यांच्या कानावर आले. त्यांनी त्याला बोलावून झाडाझडती घेतली, सहकाऱ्यांच्या देखत त्याची टर उडवली, सरावाला यायला बंदी केली. तरी तो सरावाला आला, तेव्हा त्याला बाहेर काढायला पोलीस बोलावले. आत्मचरित्रात क्लफ यांनी ती झाडाझडती लपवलेली नाही. गरिबांसाठी रस्त्यावर उतरणारा माणूस आपल्याच संघातल्या पोराशी असा वागू शकतो. चळवळीतल्या लोकांनी जस्टिनच्या चरित्रातला हा भाग नीट वाचावा असे आम्हाला वाटते.

इथे कायद्याचीही एक गोष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ साली समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले गेले. पण दोघांचेही वय २१ पूर्ण असेल आणि सारे खासगीत असेल, तरच. स्त्री-पुरुषांसाठी हीच वयोमर्यादा १६ होती. फॉरेस्टमध्ये आला तेव्हा जस्टिन २० वर्षांचा होता. १० लाखांचा करार करायला तो पुरेसा मोठा होता, प्रेम करायला मात्र कायद्याच्या लेखी अजून लहान. आणि याच इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंड संहितेत घातलेले कलम ३७७ आपल्या मानगुटीवर ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत बसून राहिले. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

फॉरेस्टसाठी ३२ लीग सामन्यांत जस्टिनच्या नावावर फक्त तीन गोल लागले. डिसेंबर १९८२ मध्ये त्याला दीड लाख पौंडांत शेजारच्या नॉट्स काउंटीला विकण्यात आले. सव्वा वर्षात किंमत दहा लाखांवरून दीड लाखावर. याच काळात तो इव्हँजेलिकल ख्रिस्ती झाला. मनःशांतीसाठी तो तिकडे गेला खरा, पण त्या पंथाच्या दृष्टीने समलैंगिकता हे पाप. त्यामुळे जिथे आधार शोधला तिथेच अपराधाची नवी भावना पदरात पडली. नॉट्स काउंटीकडे त्याने पुन्हा बऱ्यापैकी गोल केले. नंतर ब्रायटनला गेला आणि गुडघ्याच्या दुखापतीने त्याला गाठले. शस्त्रक्रियेसाठी तो अमेरिकेला गेला. त्यानंतर लॉस एंजेलिस, कॅनडातले एडमंटन, परत इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटी, वेस्ट हॅम, असा एका क्लबातून दुसऱ्या क्लबात फिरत राहिला. कुठेच मूळ धरू शकला नाही.

२२ ऑक्टोबर १९९० रोजी 'द सन' या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर त्याची समलैंगिकता त्याच्याच तोंडून जाहीर झाली. तो काळ लक्षात घ्या. एड्सच्या भीतीने ब्रिटनमध्ये समलैंगिकांविषयीचा द्वेष वाढला होता. दोनच वर्षांपूर्वी, १९८८ मध्ये, थॅचर सरकारने कलम २८ आणून स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा तथाकथित प्रसार करण्यास मनाई केली होती. 'द सन' ने ही बातमी कुणाच्या मुक्तीसाठी छापली नव्हती. खप वाढवायला छापली आणि तिचे पैसे मोजले. पैसे जस्टिनने घेतले. त्या मुलाखतीत त्याने रंगवून सांगितलेल्या काही गोष्टी खऱ्या नव्हत्या, हे त्याने नंतर मान्य केले. आम्ही त्याला संत करायला बसलेलो नाही.

यानंतर जे घडले ते आम्हाला सर्वांत जास्त बोचते. सख्खा भाऊ जॉन तेव्हा विम्बल्डनचा नावाजलेला खेळाडू होता. १९८८ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलला हरवणाऱ्या संघात तो होता. बालगृहात आणि त्या गोऱ्या खेड्यात हे दोघेच एकमेकांना होते. त्या जॉनने 'द व्हॉइस' या ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातून भावाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जस्टिनने हे उघड करू नये म्हणून आपण त्याला मोठी रक्कम दिली होती, असेही जॉनने पुढे सांगितले. आपल्या त्या वागण्याचा त्याला नंतर पश्चात्ताप झाला, पण तोवर भाऊ राहिला नव्हता. कृष्णवर्णीय समाजातल्या अनेकांना वाटले की आधीच आपल्याला रानटी म्हणतात, त्यात याने आणखी बदनामी केली. गोऱ्यांच्या नजरेत आपण कसे दिसू, या धास्तीपोटी आपल्याच माणसाला बाहेर ढकलले गेले.

ही धास्ती आम्हालाही अनोळखी नाही. समाजाची इभ्रत, बदनामी, लोक काय म्हणतील, हे शब्द आमच्याही वस्त्यांमध्ये आणि विहारांच्या आवारात ऐकू येतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सर्वांत पुढे नाचणारा एखादा पोरगा घरी आईला मनातले सांगू शकत नाही. आणि प्राईडच्या मोर्चात गेला तर तिथे आडनाव विचारले जाते. दलित समलैंगिक तरुणांनी हे दोन्हीकडचे अनुभव जाहीरपणे मांडले आहेत. चळवळीत हा विषय काढला की आधी जातीचा प्रश्न सुटू द्या, हे बाकीचे नंतर, असे ज्येष्ठ मंडळी म्हणतात. आमचा या म्हणण्याला विरोध आहे. अर्ध्या माणसाला मुक्त करता येत नाही.

जस्टिन मैदानात उतरला की प्रेक्षक आता रंगावरूनही शिव्या देत आणि लैंगिकतेवरूनही. संघातले सोबती बहुतेक समजून घेत, पण कपडे बदलायच्या खोलीत थट्टा चालेच. मोठ्या क्लबांनी पाठ फिरवली. अशा वेळी डेव्हन परगण्यातल्या टॉर्की युनायटेड या छोट्या क्लबाने त्याला घेतले. १९९१ ते १९९३ तो तिथे खेळला, चांगले गोल केले, सहायक मॅनेजरची जबाबदारीही सांभाळली. मैदानावरून पाहिले तर त्याच्या आयुष्याचा हा उत्तरार्धातला बरा काळ. पुढे स्कॉटलंडमध्ये हार्ट्सकडे असताना राजकारण्यांशी आपले संबंध असल्याच्या कथा तो वृत्तपत्रांना विकू पाहत होता, हे बाहेर आले आणि १९९४ मध्ये क्लबाने त्याला काढून टाकले. मग अमेरिका, न्यूझीलंड, पुन्हा अमेरिका.

१९९८ मध्ये तो मेरीलँड राज्यात प्रशिक्षक होता. मार्चमध्ये एका १७ वर्षांच्या मुलाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. पोलिसांनी जस्टिनची चौकशी केली. त्यानंतर तो इंग्लंडला निघून आला. समलैंगिक संबंधांना गुन्हा मानणारा कायदा त्या राज्यात तेव्हाही पुस्तकात होता. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत जस्टिनने आरोप नाकारला होता, जे झाले ते दोघांच्या संमतीने झाले असे लिहिले होते, आणि आपल्याला आधीच दोषी ठरवले गेले आहे, मित्रांना व घरच्यांना आणखी लाज आणायची नाही, असेही. हे प्रकरण कधी न्यायालयात उभे राहिले नाही. त्यामुळे त्या मुलाला खोटे ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि जस्टिनला गुन्हेगार ठरवण्याचाही नाही. मे १९९८ च्या पहिल्या आठवड्यात, जिथे तो जन्मला त्या हॅक्नीला लागूनच असलेल्या शोरडिच भागात तो मृतावस्थेत सापडला. मृत्यूच्या चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला.

त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये, काही कार्यकर्त्यांनी त्याच्या नावाने फुटबॉलमधल्या समलैंगिकद्वेषाविरुद्ध मोहीम सुरू केली. महिला फुटबॉलमध्ये तोवर अनेक खेळाडू आपल्या जोडीदार स्त्रीसह उघडपणे वावरत होत्या. पुरुषांचा खेळ मात्र तिथेच अडकला. जर्मनीच्या थॉमस हिट्झल्स्पर्गरने २०१४ मध्ये सांगितले, पण निवृत्त झाल्यावर. ऑस्ट्रेलियात जॉश कॅव्हालोने २०२१ मध्ये खेळत असताना सांगितले. १९ फेब्रुवारी २०२० रोजी, जस्टिनच्या ५९व्या जयंतीला, इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने त्याला मानाच्या यादीत घेतले. तो सन्मान स्वीकारला अमल फाशानू हिने, म्हणजे त्याच जॉनच्या मुलीने. काकाच्या नावाने ती आज फुटबॉलमधल्या भेदभावाविरुद्ध काम करते.

मे २०२२ मध्ये ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स पुढे आला. ब्रिटनच्या पुरुष व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना हे सांगणारा जस्टिननंतरचा तो पहिलाच. मधे ३२ वर्षे गेली होती. जेक तेव्हा १७ वर्षांचा होता, म्हणजे जस्टिन गेला तेव्हा तो जन्मलाही नव्हता.